टाकीतले लिटर, घड्याळातली मिनिटं

[दृश्य: कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाची ओली धावपट्टी. पाऊस नुकताच उघडलाय. पार्किंगमध्ये चार आसनी सेसना 172 एस.]

या विमानाच्या दोन्ही पंखांत मिळून 212 लिटर पेट्रोल मावतं. त्यातलं 200 लिटर इंजिनाला मिळतं. बाकीचं टाकीच्या तळाशी राहतं, ते हिशोबात धरायचं नाही. तासाला 38 लिटर जातात. म्हणजे पाच तासांची बेगमी. तरीही अशा विमानाचं इंजिन पेट्रोल संपून हवेत बंद पडतं. त्याची सुरुवात कधी कधी जमिनीवर, वजनाच्या हिशोबात झालेली असते.

उड्डाणाला परवानगी असलेलं कमाल वजन 1,157 किलो. रिकामं विमान साधारण 760. चौघं जण प्रत्येकी 75 किलोंचे, वर 20 किलो सामान. झाले 1,080. पेट्रोलला उरले 77 किलो. एक लिटर म्हणजे 0.72 किलो, म्हणजे फक्त 107 लिटर. चौघांना बसवून टाक्या काठोकाठ भरताच येत नाहीत.

आता हे चौघं पावसाळ्यात बारामतीहून कोल्हापूरला निघालेत असं धरू. सरळ रेषेत 95 नॉटिकल मैल. वेग 110 नॉट, म्हणजे तासाला 110 नॉटिकल मैल; वारा नसेल तर 52 मिनिटं. पण नैऋत्येचा वारा समोरून 20 नॉटनी लागला की तीच वाट 63 मिनिटांची होते. तिला 40 लिटर. इंजिन सुरू करणं, जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं आणि उड्डाण, 5 लिटर. वर चढताना जादा 4. कोल्हापूरवर ढग खाली आलेत, 20 मिनिटं घिरट्या घालाव्या लागल्या, 13 लिटर. तरी उतरता आलं नाही, तर बेळगाव 52 नॉटिकल मैलांवर. 33 मिनिटं, 21 लिटर. आणि हात लावायचा नाही असा साठा. आंतरराष्ट्रीय नियमात डोळ्यांनी बघून केलेल्या उड्डाणासाठी दिवसा तो 30 मिनिटांचा आणि रात्री 45 मिनिटांचा असतो. पावसाळ्यात आम्ही दिवसाही 45 च धरायला सांगू. 29 लिटर.

बेरीज 112. टाकीत 107.

पाच लिटरांनी काय होतंय, असं इथं वाटतं. पण वर गेल्यावर हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ करायचं, म्हणजे त्यातलं पेट्रोल कमी करायचं राहून गेलं, तर तासाचे 38 लिटर सहज 46 होतात. घिरट्या धरून दोन तासांच्या या उड्डाणात आणखी 15 लिटर गेले. बेळगाव समोर दिसतं तेव्हा राखीव 29 पैकी 9 उरलेत, म्हणजे जेमतेम 12 मिनिटं. म्हणून एक माणूस किंवा सामान खाली ठेवायचं, नाहीतर वाटेत उतरून पेट्रोल घ्यायचं. हा निर्णय जमिनीवरच घ्यावा लागतो. माणसांचं वजनही विचारून लिहू नये, काट्यावर घ्यावं.

[दृश्य: पंखावर चढून झाकण उघडणारा हात. डिपस्टिक, म्हणजे टाकीत बुडवायची मोजपट्टी, बाहेर येते, ओली रेघ दिसते.]

पेट्रोल दाखवणाऱ्या गेजवर विसंबू नका. सरळ उड्डाणात वापरण्याजोगं पेट्रोल संपलं की काटा शून्यावर यावा, असा तो जुळवलेला असतो. अर्ध्यावरचा काटा विमान कललं की हलतो. मोजायचं ते डिपस्टिकनं, आणि त्याच मॉडेलच्या. एक टाकी, मग दुसरी. आकडा लिटरमध्ये की गॅलनमध्ये, तो शेजारी लिहायचा.

[दृश्य, अगदी जवळून: पारदर्शक पेला. निळं पेट्रोल, तळाशी बिनरंगी थेंब.]

हा थेंब पाण्याचा. झाकणाचं रबरी रिंग झिजलं की रात्रीचा पाऊस आत झिरपतो. 172 एसला निचऱ्याच्या 13 जागा आहेत: प्रत्येक पंखाखाली पाच, पोटाखाली तीन. पेला निव्वळ निळा येईपर्यंत काढत राहायचं. टाकीत पेट्रोल आहे आणि इंजिनाला पोचत नाही, असंही होतं. पेट्रोल कुठल्या टाकीतून घ्यायचं ते ठरवणारा सिलेक्टर एकाच टाकीवर राहतो, ती कोरडी पडते आणि दुसरी भरलेलीच असते.

[दृश्य: कॉकपिट. इंजिनाचा आवाज वर-खाली होतोय.]

आधी वेग: 68 नॉट. मग सिलेक्टर 'दोन्ही'वर, पेट्रोल तोडणारा शटऑफ व्हॉल्व्ह पूर्ण आत, म्हणजे उघडा, मिश्रण घट्ट (पेट्रोल जास्त), जादा पंप चालू, ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोची किल्ली 'दोन्ही'वर. पंखा फिरत असेल आणि टाकीत काही उरलं असेल, तर इंजिन बहुतेक परत धरतं. कोल्हापूरची जमीनच समुद्रसपाटीपासून सुमारे 2,000 फुटांवर. उंचीमापक 5,000 दाखवत असला तरी पायाखाली 3,000 फूटच आहेत. शांत हवेत तेवढ्यात आठ किलोमीटर तरंगता येतं, चार मिनिटं मिळतात.

चार मिनिटांत शेत निवडायचं. उभ्या उसात शक्यतो नाही. नाइलाजच असेल तर पिकाचा शेंडा हीच जमीन धरून नाक उचलायचं. तोडणी झालेलं रान बरं, सऱ्यांच्या दिशेनं. नदीकाठची पावसातली काळी जमीन चाकं धरून विमान उलटवते, ती टाळायची. वायर दिसत नाहीत; खांब आधी शोधायचे. टेकण्यापूर्वी मिश्रण बंद, शटऑफ बाहेर, मॅग्नेटो बंद, शेवटी विजेचा मास्टर स्विच बंद. दारांच्या कड्या मात्र हवेतच उघडायच्या. धक्क्यानं चौकट वाकली की दार आतून निघत नाही.