सैन्यात मेडिक होतो, नर्स झालो: काय कामी आलं आणि काय विसरावं लागलं

(टूर्निके कॅमेऱ्यासमोर धरून)

हा पट्टा ओळखलात? टूर्निके. हातापायाच्या जखमेवर नव्हे, तिच्या थोडं वर, धडाच्या बाजूला आवळायचा, रक्त थांबेपर्यंत दांडी पिळायची आणि बांधल्याची वेळ त्यावरच लिहायची. सैन्यात मेडिक, म्हणजे जखमींवर जागेवरच उपचार करणारा जवान, असताना हे मला मिट्ट काळोखात, अर्धवट झोपेतही जमायचं. वॉर्डात आल्यापासून हा पट्टा एकदाही लागलेला नाही.

मला नेहमी विचारतात, "सेवेत असताना सलाईन लावली, टाके घातले, मग आता परत पहिलीत बसायचं?" बहुतेक ठिकाणी, हो. राग मलाही आला होता. पण नर्सिंगचं लायसन्स हा वेगळा कायदा आहे, तिथे तुमची युनिट काय म्हणते ते चालत नाही. हे दुखणं जुनं आहे. १९६५ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी फिजिशियन असिस्टंटचा, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली पेशंट तपासणाऱ्या सहाय्यकाचा, अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा पहिल्या तुकडीत चारच जण होते, चौघेही नौदलातले माजी मेडिक. हातात कला होती, कागद नव्हता. आणि लक्षात घ्या, त्यांनासुद्धा दोन वर्षं शिकावंच लागलं.

म्हणून सेवेतून निघण्याआधी ट्रेनिंगचे कागद तपशीलवार काढून घ्या: कोणता विषय, किती तास, प्रत्यक्ष काम किती. काही संस्था त्यावर थोडीफार सूट देतात. नंतर तेच कागद मिळवायला चपला झिजतात.

आता खरा फरक. सैन्यात माझे पेशंट म्हणजे तरणीताठी, धडधाकट माणसं. लागलं की ओरडायची, रक्त दिसायचं. वॉर्डात एक मधुमेही आजोबा भेटले. तक्रार काहीच नाही, "थोडं थकल्यासारखं वाटतं" एवढंच. मोजा काढायला त्यांनी पाच मिनिटं घेतली, मी मनात घड्याळ बघतोय. आणि मोजा निघाला तर टाचेला खोल जखम. मधुमेहाने नसा बधिर झालेल्या, त्यामुळे दुखतच नव्हतं. मी घाई करून मोज्यावरूनच पाय तपासला असता तर ती जखम सुटलीच असती.

पण सगळ्यात अवघड गेलं ते हुकमाचं प्रकरण. सैन्यात हुकूम आला की पाळायचा. नर्सिंगमध्ये ऑर्डर आली की आधी तपासायची, आणि पटली नाही तर डॉक्टरांना फोन करून तसं सांगायचं. माझीच गोष्ट सांगतो. हाताने लिहिलेली इन्शुलिनची ऑर्डर होती. युनिटसाठी लिहिलेलं 'यू' अक्षर आकड्याला चिकटलं की शून्यासारखं दिसतं. मी ४० वाचलं, ४० भरलं. इन्शुलिन दोघांनी तपासायचं असतं, म्हणून सिरिंज सीनियर सिस्टरसमोर धरली.

"चाळीस? या आजींना?"

"ऑर्डर आहे, सिस्टर."

"ऑर्डर दिसतेय. तुला स्वतःला काय वाटतं?"

मला काहीच वाटलं नव्हतं, तीच तर गडबड. ऑर्डर ४ युनिटची होती.

हो, गणितही घासून घ्या. १००० मिलिलिटर सलाईन ८ तासांत, सेट २० थेंबांचा (म्हणजे २० थेंबांत एक मिलिलिटर), तर मिनिटाला थेंब किती? साधारण ४२. हे मोबाइल न काढता यायला हवं.

मग सैन्यातलं कामी काय आलं? शिस्त वगैरे सगळेच म्हणतात, मला ते फार पटत नाही; वॉर्डात शिस्तीची माणसं आधीपासूनच असतात. कामी आलं ते रिपोर्ट देणं. परिस्थिती काय, आधीचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. चार वाक्यांत, न अडखळता. हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती देताना, नवखी मुलं पाल्हाळ लावतात, तिथे माजी सैनिक सुटसुटीत बोलतो. आणि ती वेळ लिहायची सवय. रात्री अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस बदलली की मी हात धुतो आणि लगेच वेळ टाकतो.

तुम्ही मेडिक नव्हतात, ड्रायव्हर किंवा सिग्नलवाले होतात, तरी काही बिघडत नाही. फक्त फी भरण्याआधी महिनाभर हॉस्पिटलमध्ये सेवकाचं काम करून बघा. बेडपॅन उचलायला हात कचरत असेल तर ते तेव्हाच कळलेलं बरं.

लायसन्सच्या अर्जावर वेगळा व्हिडिओ करतोय. तोवर सैन्यातली ती ट्रंक उघडा आणि ट्रेनिंगचे कागद शोधून ठेवा.