करंगळी आणि अनामिका

नमस्कार मंडळी.

बोलायला सुरुवात करण्याआधी एक विनंती. उजवा हात समोर धरा. करंगळी आणि अनामिका तळहाताकडे दुमडून घ्या, आणि उरलेल्या तीन बोटांनी मांडीवर पियानो वाजवल्यासारखं करून बघा. पाहा, मनगटापर्यंत ताण जातोय. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा हात वयाच्या ३६व्या वर्षी असा होऊ लागला आणि पुढची तीसेक वर्षं तसाच राहिला.

माझी मुलगी पियानो शिकते. तिच्या सरावामुळेच मी फ्लायशर ऐकायला लागले, आणि मग त्यांच्या आयुष्याने मला धरूनच ठेवलं.

त्यांचा जन्म १९२८ साली सॅन फ्रान्सिस्कोत, स्थलांतरित ज्यू कुटुंबात झाला. वडील टोप्यांच्या धंद्यात होते. मुलगा नऊ वर्षांचा असताना थोर पियानोवादक आर्टूर श्नाबेल त्या शहरात आले होते. सोळा वर्षांखालची मुलं ते शिकवायला घेत नसत. तेव्हा एका स्नेह्याने श्नाबेलना जेवायला बोलावलं आणि जेवण चालू असताना या पोराला मागच्या बाजूने घरात आणून पियानोवर बसवलं! श्नाबेलनी ऐकलं आणि हो म्हटलं. अट एकच घातली, की जाहीर कार्यक्रम करायचे नाहीत. १९३८ साली मुलाला इटलीतल्या कोमो सरोवराकाठी श्नाबेलकडे नेण्यात आलं.

घराणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजवावं लागत नाही. श्नाबेलचे गुरू लेशेटिट्स्की, त्यांचे चेर्नी आणि चेर्नींचे गुरू साक्षात बेटोव्हन. श्नाबेलकडे एकाची शिकवणी चालू असली की बाकीचे भोवती बसून ऐकायचे. दुसऱ्याला दिलेली तालीम ऐकत शिकण्याची रीत आपल्याला नवी नाही.

१९४४ मध्ये, १६ व्या वर्षी, त्यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राबरोबर वाजवलं. १९५२ साली ब्रुसेल्सची क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धा जिंकणारे ते पहिले अमेरिकन ठरले. संचालक जॉर्ज सेल आणि त्यांच्या क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राबरोबर त्यांनी केलेली बेटोव्हन आणि ब्राम्सच्या कॉन्चेर्टोंची, म्हणजे एकल वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी लिहिलेल्या रचनांची, ध्वनिमुद्रणं आजही मापदंड मानली जातात.

आणि मग ही दोन बोटं आत वळू लागली. ते थांबले नाहीत, उलट जिद्दीने सराव वाढवला. त्याने हात आणखीच बिघडला. १९६५च्या सोव्हिएत दौऱ्यातून माघार घ्यावी लागली. आज या विकाराला फोकल डिस्टोनिया म्हणतात. त्यात बोट स्वतः धडधाकट असतं, पण मेंदूकडून त्याला जाणारा हुकूम चुकतो. तेव्हा मात्र निदानच होईना. जीव द्यावा असंही मनात येऊन गेल्याचं त्यांनी पुढे स्वतः सांगितलं आहे.

बाल्टिमोरच्या पीबॉडी संगीत विद्यालयात ते १९५९ पासून शिकवत होते. विद्यार्थी अडला की त्याला बाकावरून उठवायचं आणि आपण वाजवून दाखवायचं, ही त्यांची पद्धत. आपल्याकडेही गुरू गाऊन दाखवतात आणि शिष्य उचलतो. आता दाखवायला हातच नव्हता. एखादा स्वर किती वेळ धरायचा, दोन स्वरांमधली शांतता कशी सांभाळायची, हे सगळं बोलून सांगणं भाग पडलं. त्यासाठी आधी ते स्वतःलाच नेमकं कळायला हवं! वाजवण्याआधी तो नाद आतल्या कानाला ऐकू आला पाहिजे, यावर त्यांचा सगळा भर. आंद्रे वॉट्स, लुई लोर्ती, जोनाथन बिस असे शिष्य त्यांच्या हाताखाली तयार झाले. माझ्या मते फ्लायशर यांचं सर्वांत मोठं काम हेच, त्यांच्या गाजलेल्या ध्वनिमुद्रणांहूनही मोठं.

याच काळात ते ऑर्केस्ट्रा संचालनाकडे वळले आणि डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत वाजवू लागले. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पियानोवादक पाउल विटगेनश्टाइन यांनी मोठमोठ्या संगीतकारांकडून अशा रचना करून घेतल्या होत्या. त्यांत राव्हेलचा कॉन्चेर्टो अप्रतिम. डाव्या हाताचा अंगठा वरच्या स्वरांच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सुरावट सर्वांत दणकट बोटाला मिळते आणि बाकीची चार बोटं खालची साथ सांभाळतात. डोळे मिटून ऐकलं तर एकच हात वाजतोय यावर विश्वास बसत नाही.

१९९० च्या दशकात बोटॉक्स या स्नायू सैल करणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनांनी ती आखडलेली बोटं सैल पडू लागली. विकार गेला नव्हता. काही महिन्यांनी असर उतरायचा, पुन्हा इंजेक्शन घ्यावं लागायचं. पण दोन्ही हातांनी वाजवता येऊ लागलं, आणि २००४ साली ‘टू हँड्स’ हा अल्बम आला. त्याच वर्षी डिसेंबरात बर्लिनमध्ये त्यांनी संगीतकार हिंडेमिट यांची एक रचना पहिल्यांदा लोकांसमोर वाजवली. ती १९२३ सालची, विटगेनश्टाइनसाठीच लिहिलेली. त्यांना ती पसंत पडली नव्हती, म्हणून कधी वाजलीच नाही. कागद इतकी वर्षं पडून होते. दोन्ही हात परत मिळालेल्या, ७६ वर्षांच्या फ्लायशरनी ती एकट्या डाव्या हाताने वाजवली.

पुढेही ते शिकवत राहिले. २ ऑगस्ट २०२० रोजी बाल्टिमोरमध्ये, वयाच्या ९२व्या वर्षी ते गेले.

आता त्या २००४च्या अल्बममधली शूबर्टची बी फ्लॅट सोनाटा लावते आहे. सुरुवातीची सुरावट अगदी हळू आहे. ती थांबते तिथे खाली, खर्जात, डाव्या हाताची एक पुटपुटल्यासारखी थरथर येते आणि मग सगळं क्षणभर गप्प होतं. तेवढं ऐका.