माफी कुठे मागायची?

मित्रहो, सुरुवात गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणापासून करतो. २०१६ साली तिथल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सदस्याने ग्रुपमधल्याच एका बाईंबद्दल घाणेरड्या भाषेत लिहिलं. गुन्हा दाखल झाला, त्यात ॲडमिनही आरोपी. आरोप असा, की त्याने त्या माणसाला ग्रुपमधून काढलं नाही, माफी मागायला सांगितलं नाही, उलट ‘मी काय करणार’ म्हणून हात वर केले. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ॲडमिनवरचा खटला रद्द केला. माणसं घेणं आणि काढणं एवढंच ॲडमिनच्या हातात असतं, मजकूर पडण्याआधी तो अडवू शकत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

निकाल मला पटतो. पण त्या तक्रारीतला ‘माफी मागायला सांगितलं नाही’ हा भाग माझ्या मनातून जात नाही.

बदनामीच्या कायद्यात एक बारकावा आहे. मी तुम्हाला एकट्याला गाठून काही बोललो, तर ती बदनामी होत नाही. तिसऱ्याच्या कानावर जावं लागतं. अपमानाची धार त्या तिसऱ्या माणसात असते. कट्ट्यावर आपण एकमेकांची यथेच्छ फिरकी घेतो. तिथे पाचसहा जण असतात, सगळ्यांना नातं ठाऊक असतं, समोरच्याचा चेहरा पडला की आपण लगेच पाठीवर हात ठेवतो. होळीला मारलेल्या बोंबाही धुळवडीबरोबर विरून जायच्या. ग्रुपवर मात्र शे-दोनशे माणसं मुक्याने वाचत असतात, पडलेला चेहरा कुणालाच दिसत नाही आणि मस्करीची कुस्करी झालेली कळायला दोन दिवस जातात.

आमच्या दहावीच्या ग्रुपवर हे घडलं. आमचा एक मित्र शाळेत अडखळत बोलायचा. त्याने मुलीच्या लग्नाची पत्रिका टाकली, त्याखाली कुणीतरी त्याच्या अडखळण्याची नक्कल अक्षरांत लिहिली. धडाधड हसरे चेहरे पडले. त्यात एक माझा होता. रात्री तो ग्रुपमधून बाहेर पडला.

मी फोन केला, मनापासून माफी मागितली. तो शांतपणे म्हणाला, “अरे, हसलास सगळ्यांसमोर. माझी मुलगीही आहे त्या ग्रुपवर, फोटो टाकायला घेतलं होतं तिला. तिने वाचलं. आणि माफी तू मला एकट्याला मागतोस?”

मला उत्तर सुचलं नाही. फोन ठेवल्यावर मी ग्रुपवर लिहिलं, त्याचं नाव घेऊन, माझं नाव घेऊन, कशाला हसलो तेही लिहून. नक्कल करणाऱ्यानेही तासाभराने लिहिलं. इतर बरेच जण गप्प राहिले. मित्र परत आलेला नाही. त्याच्या मुलीने तेवढा माझा मजकूर वाचून हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.