जागलीवरचा माणूस

(दृश्य: नोव्हेंबरची पहाट. शाळेचं पटांगण. दोन्ही टोकांना बांबूचे गोलपोस्ट, जाळी नाही.)

वर्धा नदीपासून दोन-अडीच कोसांवरचं हे गाव. सोयाबीन घरात आलंय, पऱ्हाटीची दुसरी वेचणी सुरू आहे, हरभरा वीतभर वर आलाय. इथली काळी माती पावसाळ्यात चप्पल ओढून घेते आणि उन्हाळ्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. फुटबॉल खेळण्यासारखी जमीन मिळते ती दिवाळीपासून होळीपर्यंतच.

सहा वाजता पोरं जमतात. बावीस कधीच भरत नाहीत. आज पंधरा आहेत, त्यात चार मुली. सर शिट्टी वाजवतात आणि रोजचा प्रश्न विचारतात.

"मांगं कोन राह्यते आज?"

सगळ्यांच्या माना खाली.

पुढं खेळायला सगळे तयार असतात. गोल मारला की गावच्या सामन्यात लाउडस्पीकरवरून नाव पुकारलं जातं, कोणीतरी खिशातून पन्नासची नोट काढून देतं. मागच्याला काय मिळतं? गोल झाला की शिव्या. वाचला तर गोलीची पाठ थोपटतात.

सर स्वतः शाळा-कॉलेजात बॅक खेळले. त्यांच्या मोबाइलमध्ये एक काळापांढरा फोटो आहे. उंच, रुंद खांद्यांचा एक शीख खेळाडू, डोक्यावर केसांच्या बुचड्याला कापड बांधलेलं. पोरांना ते नाव पाठ आहे. जर्नैल सिंग.

(दृश्य: फोटो पडद्यावर भरतो.)

20 फेब्रुवारी 1936 चा जन्म. फाळणीत लायलपूरकडचं घरदार सुटलं आणि कुटुंब होशियारपूर जिल्ह्यात पनाम गावी आलं. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. पुढं शिक्षण माहिलपूरच्या खालसा कॉलेजात झालं. माहिलपूर हेही काही शहर नव्हे. शेतीच्या मुलखातलं गाव, पण पंजाबचा फुटबॉल तिथल्या मैदानावर वाढला. हे सांगताना सर थोडं थांबतात. पोरांनी आपल्या पटांगणाकडे एकदा बघून घ्यावं, म्हणून.

माहिलपूरहून कलकत्ता. आधी राजस्थान क्लब, मग 1959 पासून मोहन बागान. तिथं जवळपास दशकभर त्यानं स्टॉपरची, म्हणजे गोलसमोरच्या मधल्या बॅकची, जागा सांभाळली. 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये भारतानं फ्रान्सला 1-1 असं रोखलं, हंगेरीकडून 1-2 हरला, पेरूकडून 1-3. पहिल्याच फेरीत बाहेर पडलेला संघ म्हणून त्याची नोंद आहे. पण तेव्हाच्या बलाढ्य हंगेरीविरुद्ध दोनच गोल खाणं म्हणजे काय, ते मागं उभं राहिलेल्यालाच कळेल.

आणि मग 1962. जकार्ता. आशियाई स्पर्धा.

इथं जरा थांबू या.

भारताचा पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी होता आणि तो 0-2 असा गेला. पुढच्या सामन्यात थायलंडला 4-1 हरवलं, पण त्यात जर्नैलच्या डोक्याला मार लागला, टाके पडले. स्टॉपरचं अर्धं काम डोक्यानं असतं. वरून येणारा प्रत्येक बॉल त्याचा. टाके घातलेलं डोकं घेऊन तिथं उभं कसं राहायचं?

प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. त्यांनी जर्नैलला घरी बसवलं नाही. मागचा सांभाळ अरुण घोषसारख्या खेळाडूंवर सोपवला आणि आपल्या स्टॉपरला थेट सेंटर फॉरवर्ड करून टाकलं. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध भारत 3-2 जिंकला. त्यातला एक गोल जर्नैलचा होता.

4 सप्टेंबरला अंतिम सामना. समोर पुन्हा दक्षिण कोरिया. इस्राएल आणि तैवानच्या संघांना यजमानांनी येऊ दिलं नव्हतं, त्याबद्दल भारताचे क्रीडा-पदाधिकारी गुरुदत्त सोंधी बोलले होते, आणि त्यावरून शहर भारतीयांवर संतापलेलं होतं. भरलेल्या मैदानात भारताची हुर्यो उडत होती. आपल्या बाजूनं ओरडणारे होते पाकिस्तानच्या हॉकी संघातले खेळाडू, अशी आठवण त्या संघातली माणसं पुढं सांगत. लायलपूर सोडून आलेल्या पोराच्या कानावर तो आवाज पडला असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

सतराव्या मिनिटाला प्रदीपकुमार बॅनर्जींचा गोल. विसाव्या मिनिटाला जर्नैल सिंगचा. कोरियानं शेवटी एक फेडला. 2-1. सुवर्णपदक. रहीम तेव्हा कॅन्सरनं पोखरलेले होते, पुढच्या वर्षी जूनमध्ये ते गेले. आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष फुटबॉल संघाला त्यानंतर सुवर्ण मिळालेलं नाही.

1964 साली अर्जुन पुरस्कार. मग 1965 ते 67 या काळात भारताची कप्तानी.

(दृश्य: पटांगण. सर एका पोराचे खांदे धरून त्याला तिरकं उभं करतात.)

खेळाडू म्हणून एवढं केलेला माणूस पुढं काय करतो? जर्नैल सिंग पंजाबात परतला. 1970 च्या संतोष करंडकात, म्हणजे राज्यांच्या संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, तो खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही. पंजाबनं तो करंडक तेव्हा पहिल्यांदा जिंकला. 1974-75 च्या मोसमात जालंधरला अंतिम सामन्यात पंजाबनं बंगालला हरवलं. 6-0. आकडा नीट ऐका. देशाच्या फुटबॉलचं माहेर समजला जाणारा बंगाल, जिथं जर्नैल स्वतः घडला, त्या बंगालला सहा गोल. त्या स्पर्धेत पंजाबच्या इंदर सिंगनं एकट्यानं 23 गोल मारले.

स्टॉपर राहिलेल्या प्रशिक्षकाचा संघ एवढे गोल मारतो, याचं अनेकांना नवल वाटतं. मला वाटत नाही. कोणत्या धावेनं बॅकचा जीव घाबरा होतो, कोणता बॉल आला की त्याचा पाय अडखळतो, हे बॅकइतकं कोणाला माहीत असणार? प्रदीपकुमार फॉरवर्ड होते आणि मोठे प्रशिक्षक झाले, तेव्हा हा काही नियम नाही. पण फॉरवर्डच्या डोळ्यांसमोर गोल असतो. बॅकच्या समोर अख्खं मैदान असतं, दोन्ही संघांसकट. दहा वर्षं तेच बघत उभा राहिलेला माणूस बाहेर रेषेवर आला, तरी त्याची नजर तीच राहते.

पुढं जर्नैल सिंग पंजाबच्या क्रीडा खात्यात संचालकपदापर्यंत गेला. 13 ऑक्टोबर 2000 रोजी कॅनडात व्हँकुव्हरला त्याचं निधन झालं.

(दृश्य: रात्र. हरभऱ्याचं शेत. मचाण. शेकोटी.)

सर म्हणाले, बॅक कसा खेळतो ते बघायचं असेल तर पटांगणावर नको, रात्री वावरात चला.

संघातला एक पोरगा, नववीतला, बापासोबत जागलीला जातो. हरभरा वर आला की रोही, म्हणजे नीलगायी, येतात, रानडुकरं येतात. एका रात्रीत आठ-दहा ओळी कुरतडल्या, तुडवल्या गेल्या की बी-खताचा पैसा मातीत. म्हणून गाव पाळीपाळीनं जागतं. मचाणावर घोंगडं, एक टॉर्च, वाजवायला तेलाचा रिकामा पिपा.

दीडच्या सुमाराला नाल्याकडून दोन रोही वर आले. मी कॅमेरा सावरतोय तोवर पोरगा खाली उतरलेला. मला वाटलं, आता हा धावत सुटणार. तो धावला नाही. धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, झपझप चालत बाजूला गेला आणि जनावर आणि हरभरा यांच्या मधोमध तिरका उभा राहिला. मग एकच हाकारा. पलीकडच्या मचाणावरून दुसरा आला, त्याच्या पलीकडून तिसरा. रोही थबकले, वळले, धुऱ्याधुऱ्यानं निघाले आणि नाल्यात उतरून गेले. हरभऱ्यात खूर पडला नाही.

सर हळूच म्हणाले, "पाह्यलं? त्याच्या मांगं धावशीन तर ते तुह्याच वावरातून पयीन. वाट अडवाची अन् धुऱ्याकडं न्याचं. अन् आवाज द्याचा. मुका बॅक काई कामाचा नाई."

सकाळी पटांगणावर तेच शब्द. पांढऱ्या चुन्याची रेघ म्हणजे धुरा. फॉरवर्ड आला की अंगावर जायचं नाही, तिरकं उभं राहून त्याला रेघेकडं ढकलत न्यायचं. डोळा त्याच्या पायांच्या नाचाकडं नाही, बॉलवर. आणि तोंड बंद ठेवायचं नाही. "डावीकडं माणूस!" "पुढं सर!" "माह्याकडं!" थंडीत पोरांच्या तोंडून वाफ निघते आणि हाकारे निघतात.

(दृश्य: तालुक्याचं मैदान. चौदा-पंधरा शाळांची पोरं, पाण्याचे कॅन, धूळ.)

तालुकास्तरावरचा सामना. समोरच्या संघाकडं बूट आहेत, आपल्यातले सहा जण कॅनव्हासच्या बुटांवर, दोघं अनवाणी. जागलीचा पोरगा स्टॉपर. पहिल्या अर्ध्यात त्यानं तीनदा बॉल रेघेबाहेर घालवला. दुसऱ्या अर्ध्यात एकदाच चुकला. एका बाजूला दोन पावलं जास्त गेला, मागं मोकळं रान पडलं आणि गोल झाला. शेवटच्या पाच मिनिटांत आपल्या मुलानं तो फेडला. 1-1. बाकीचे सगळे गोल मारणाऱ्याच्या अंगावर पडले.

सामना संपला. सर पाण्याची बाटली घेऊन आधी स्टॉपरकडे गेले. चुकीबद्दल एक शब्द नाही. शेजारी उकिडवे बसले आणि एवढंच विचारलं, "काय काय दिसलं तुले मांगून?"

पोरानं दोन घोट घेतले. बोटानं धुळीत चौकोन काढला, दोन्ही टोकांना गोल. आणि सुरू झाला.

"सर, त्यायचा सात नंबर हाये ना, तो दर खेपेला आधी उजवीकडं पाह्यते अन् बॉल डावीकडं देते. मी तिथंच फसलो. अन् आपला पक्या मांगं येतच नाई, त्याले थोडा मधात उभा करा. मंग मी..."

जीपवाला हॉर्न देतोय. सगळी पोरं चढून बसली आहेत. सर उठले नाहीत. धुळीतल्या चौकोनात आता खडे मांडले जाताहेत, अकरा इकडं, अकरा तिकडं.