ब्राझीलची जर्सी : एक पांढरी, एक पिवळी आणि दोन पराभव

नमस्कार श्रोतेहो.

रेडिओवरून रंगांविषयी बोलायचं म्हणजे जरा पंचाईतच. पण आजच्या विषयाला ती अडचण नाही. ब्राझीलचा फुटबॉल संघ असं मी म्हटलं, तेवढ्यात तुमच्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पिवळा रंग आलासुद्धा असेल. गळ्याला आणि बाह्यांना हिरवी पट्टी, खाली निळी शॉर्ट्स. गंमत अशी, की ही जर्सी ब्राझीलची मूळची नव्हेच. मूळची पांढरी होती. पांढरा शर्ट, निळी कॉलर.

आणि ती काही अपयशी जर्सी नव्हती. १९१९, १९२२ आणि १९४९ अशी तीन वेळा दक्षिण अमेरिकेची अजिंक्यपदं ब्राझीलने पांढऱ्यातच मिळवली. मग आला १६ जुलै १९५०. रिओचं नवंकोरं माराकाना स्टेडियम, दोन लाखांच्या घरात प्रेक्षक, समोर उरुग्वे. त्या विश्वचषकाला आजच्यासारखा अंतिम सामना नव्हता, चार संघांचा शेवटचा गट होता, आणि ब्राझीलला नुसती बरोबरी पुरणार होती. उत्तरार्ध सुरू होताच ब्राझीलच्या फ्रियासाने गोल केला. बरोबरीऐवजी एका गोलची आघाडी! पुढे उरुग्वेच्या स्कियाफिनोने ती फेडली, आणि अकरा मिनिटं उरली असताना घिज्जियाने उजवीकडून आत येत दुसरा गोल मारला. उरुग्वे २, ब्राझील १.

खापर गोलरक्षक बार्बोसाच्या माथी फुटलं, ते त्याला जन्मभर वाहावं लागलं. आणि दुसरं खापर फुटलं ते जर्सीच्या. पांढऱ्यात देश कुठे दिसतो, असा सूर लागला. मग १९५३ मध्ये रिओच्या 'कोरेयो दा मान्या' या दैनिकाने नव्या पोशाखासाठी स्पर्धाच लावली. अट एकच : राष्ट्रध्वजातले चारही रंग आले पाहिजेत. म्हणजे हिरवा, पिवळा, निळा आणि पांढरा.

चार रंगांचा शर्ट काढून बघा कागदावर. सर्कशीतला विदूषक उभा राहतो. ही स्पर्धा जिंकणाऱ्या आल्दिर गार्सिया श्ली या तरुण चित्रकाराने शर्टाला पिवळा आणि हिरवा दिला, शॉर्ट्सना निळा दिला, आणि पांढरा ढकलला मोज्यांत. इतकं साधं उत्तर. हा पोरगा वाढला होता ब्राझीलच्या दक्षिण टोकाला, उरुग्वेच्या सीमेलगतच्या झाग्वाराँव गावात. पुढे लेखक म्हणून नावारूपाला आल्यावर त्याने मोकळेपणाने सांगितलं, की ब्राझील विरुद्ध उरुग्वे सामना असला की आपण उरुग्वेच्या बाजूने! ब्राझीलच्या राष्ट्रीय पोशाखाचा जनक मनाने पलीकडच्या तीरावरचा, हे मला फार आवडतं.

१९५४ च्या मार्चमध्ये माराकानावरच, चिलीविरुद्ध, पिवळी जर्सी घरच्या प्रेक्षकांनी पाहिली. तरीही पहिला विश्वचषक काही तिच्या वाट्याला आला नाही. १९५८ च्या अंतिम सामन्यात समोर यजमान स्वीडन, तेही पिवळेच. ब्राझीलने स्टॉकहोममध्ये निळे शर्ट विकत आणले, पिवळ्या शर्टांवरची बोधचिन्हं उसवून त्यांच्यावर शिवली आणि ५-२ असा सामना जिंकला. संघाचे प्रमुख पाउलो मशादो दि कार्व्हाल्यो यांनी खेळाडूंना समजावलं होतं, की निळा हा अपारेसिदाच्या मातेच्या, म्हणजे ब्राझीलची संरक्षक मानल्या जाणाऱ्या मेरीमातेच्या वस्त्राचा रंग आहे, काळजी नको.

आता थेट तुलनेकडे येऊ. एका बाजूला १९७० ची जर्सी घ्या, दुसऱ्या बाजूला २०२२ ची.

१९७० ची जर्सी सुती. गोल हिरवा गळा, छातीवर बोधचिन्ह, पाठीवर हिरवा आकडा. बस्स. बनवणाऱ्याचं नाव दिसत नाही, खेळाडूचं नाव नाही, जिंकलेल्या विश्वचषकांचा एकही तारा नाही. बोधचिन्हावर अक्षरं आहेत सीबीडी, कारण तेव्हा फुटबॉलचा कारभार सर्व खेळांच्या मिळून एका महासंघाकडे होता. सीबीएफ हा स्वतंत्र फुटबॉल महासंघ १९७९ मधला. मेक्सिकोच्या दुपारच्या उन्हात हे सुती कापड घामाने अंगाला चिकटायचं. पण तो विश्वचषक पहिल्यांदाच रंगीत टीव्हीवर दाखवला गेला, आणि हिरव्या मैदानावरचा तो पिवळा जगाने तेव्हा डोळे भरून पाहिला. श्लीने चित्र काढलं १९५३ मध्ये, त्याला प्रेक्षक मिळाले सतरा वर्षांनी. त्या अंतिम सामन्यात पेलेने घातलेली जर्सी इटलीच्या रोसातोकडे गेली होती. २००२ मध्ये लंडनच्या लिलावात तिला दीड लाखांहून जास्त पौंड मिळाले.

२०२२ ची जर्सी पॉलिस्टरची, हलकी, घाम शोषून बाहेर टाकणारी. कापडात जवळून पाहिलं तर जग्वारच्या ठिपक्यांची नक्षी आहे. मैदानावरून ती दिसत नाही, टीव्हीवर जेमतेम. मग ती कुणासाठी? अर्थातच दुकानात जर्सी हातात घेऊन न्याहाळणाऱ्यासाठी. इथे जुन्या-नव्यातला खरा फरक कळतो. जुनी जर्सी खेळाडूसाठी शिवली जायची आणि चाहते तशीच कुठूनतरी मिळवायचे. नवी जर्सी चाहत्याचा विचार करून आखली जाते, खेळाडूही ती घालतात.

कापड मात्र सुधारलं, यात वाद नको. सुती जर्सीच्या आठवणीने गळा काढणाऱ्यांनी ती भिजल्यावर एकदा घालून धावून बघावं. अर्थात नवं तंत्रही नेहमी शहाणं असतंच असं नाही. २००२ मध्ये दोन थरांच्या कापडाची जर्सी होती, आतला थर घाम टिपणारा, बाहेरचा वारा खेळवणारा. जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्यात एदमिल्सनला शर्ट बदलावा लागला, आणि नव्या शर्टाच्या त्या दोन थरांत बिचाऱ्याला डोकं कुठून घालायचं तेच सापडेना. विश्वचषकाचा अंतिम सामना चालू, सारं जग बघतंय, आणि एक बचावपटू कडेला उभा राहून शर्टाशी झटापट करतोय!

मधल्या जर्सींपैकी दोनच सांगतो. १९९४ च्या जर्सीवर बोधचिन्हाच्या मोठमोठ्या छाया छापलेल्या होत्या. स्पष्ट सांगायचं तर बटबटीत. विश्वचषक जिंकला म्हणून ती खपून गेली. विश्वचषकात पाठीवर नावंही तेव्हापासूनच आली. दुसरी १९८२ ची, झिको, सॉक्रेटिस, फाल्काव यांची. तिच्या बोधचिन्हात कॉफीची डहाळी होती. हा संघ बार्सिलोनात इटलीकडून ३-२ हरून घरी गेला, तरी ती जर्सी लोकांना आजही हवी असते. हरलेली जर्सी लोक टाकतात, या समजाला तिने छेद दिला. खेळ तसा असावा लागतो, इतकंच.

आणि म्हणूनच मला नेहमी दुसऱ्या एका पराभवाचं कोडं पडतं. ८ जुलै २०१४, बेलो होरिझोंते, उपांत्य सामना. जर्मनी ७, ब्राझील १. पहिल्या अर्ध्या तासातच पाच गोल. १९५० मध्ये एका गोलने हरल्यावर देशाने रंग बदलला, इथे सहा गोलने हरूनही कॉलरला धक्का लागला नाही. का? एक तर छातीवर पाच तारे होते. पाच विश्वचषक मिळवलेल्या संघाचा रंग एका संध्याकाळीने पुसत नाही. पण दुसरं कारण, माझ्या मते, अधिक रोकडं आहे. १९५३ मध्ये एखादं वर्तमानपत्र वाचकांना विचारू शकत होतं, की संघाने काय घालावं. आज तो रंग करारात आहे, जगभरच्या दुकानांत आहे. तो बदलायचं म्हटलं तर विचारायचं कुणाला?

तरी लोकांचा हक्क अगदीच गेलेला नाही. गेल्या काही वर्षांत ब्राझीलमध्ये उजव्या विचारांचे माजी राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांच्या समर्थकांनी मोर्चांत पिवळी जर्सी घालायला सुरुवात केली, तेव्हा विरोधी मताच्या कितीतरी लोकांनी ती कपाटात ठेवून दिली. काहींनी तर पांढरी परत आणा म्हणून मोहीम चालवली. आणि २०२५ मध्ये दुसरी जर्सी लाल येणार अशी बातमी फुटली, तेव्हा इतका गदारोळ झाला की महासंघाला खुलासा करून पिवळ्या-निळ्याची ग्वाही द्यावी लागली.

पांढरी परत आलीही होती, तीही रीतसर. १९१९ च्या विजेतेपदाला शंभर वर्षं झाली म्हणून २०१९ च्या कोपा अमेरिकाचा, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या त्याच अजिंक्यपद स्पर्धेचा, सलामीचा सामना ब्राझील साओ पाउलोत पांढऱ्या जर्सीत खेळला. बोलिव्हियाविरुद्ध पहिल्या अर्ध्यात एकही गोल नाही. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, आणि जुनी शंका पुन्हा डोकं वर काढते की काय असं वाटू लागलं. मध्यंतरानंतर कुटिन्योने लागोपाठ दोन गोल केले, सामना ३-० असा सुटला. त्या स्पर्धेचा अंतिम सामना माराकानावर होता, पेरूशी. पेरूचा पोशाख पांढरा. ब्राझील पिवळ्यात उतरला आणि ३-१ असा जिंकला.

नमस्कार.