सोलापुरी पहाट आणि बटरचे पापुद्रे

(दृश्य : करवती सुरी आडवी फिरते. क्रोसाँ उघडतो.)

हा छेद नीट पाहावा. आतल्या भागाला मोकळी जाळी पडली आहे, जाळीच्या भिंती इतक्या पातळ आहेत की मागचा उजेड त्यांतून दिसतो, आणि वरचा तपकिरी पापुद्रा सुरी लागताच तडकून ताटलीत सांडला आहे. हा क्रोसाँ, म्हणजे बटरच्या पापुद्र्यांचा फ्रेंच पाव, जुळे सोलापुरातल्या एका घरात, कडप्प्याच्या ओट्यावर लाटलेला आहे. त्यात बेकरीतले मार्गारीन, म्हणजे तेलापासून केलेला बटरसारखा पदार्थ, नाही, वनस्पती तूप नाही. आहे ते फक्त बटर. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो अशा या शहरात बटरचे पापुद्रे टिकवावेत कसे, आणि मोठ्या कष्टाने टिकवलेले ते पापुद्रे न्याहारीचे सँडविच गरम करण्याच्या घाईत घालवू नयेत ते कसे, हा या चित्रफितीचा विषय आहे.

(दृश्य : बेकरीच्या काचेच्या बरण्या, खारीचा ढीग.)

सोलापूरला पापुद्रे नवे नाहीत. चहात बुडवून खाल्ली जाणारी खारी याच तंत्राने बनते: मैद्याच्या पिठात स्निग्ध पदार्थाचा थर बंद करायचा, लाटायचे, घडी घालायची आणि पुन्हा लाटायचे. क्रोसाँचे पीठ यीस्टने फुगवलेले असते, हा मोठा फरक. त्याचे मूळ व्हिएन्नातल्या किप्फर्ल नावाच्या चंद्रकोरीच्या आकाराच्या पावात आहे. ऑगस्ट झांग या ऑस्ट्रियन गृहस्थाने १८३० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली, आणि पुढे फ्रेंच बेकरांनी त्या पावाला आजचे पापुद्र्यांचे रूप दिले. १६८३ च्या तुर्की वेढ्याशी क्रोसाँचा संबंध जोडणारी कथा सगळीकडे सांगितली जाते, परंतु तिला त्या काळातला पुरावा नाही.

आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. बटर साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते. तोंडातले तापमान ३७ अंशांच्या आसपास असते, म्हणून बटर जिभेवर विरघळून जाते आणि मागे चव तेवढी राहते. पापुद्र्यांसाठी मुद्दाम तयार केलेले मार्गारीन याहून वरच्या तापमानाला वितळते. त्यामुळे ते उकाड्यात लाटायला सोपे जाते, आणि त्याच कारणाने खाल्ल्यावर ते टाळूला चिकटून राहते. दिवसाला शेकडो नग काढणाऱ्या बेकरीवाल्याची अडचण समजण्यासारखी आहे. घरी बारा नग करणाऱ्यांनी मात्र बटरच घ्यावे आणि वेळ निवडावी.

(दृश्य : पहाट. स्वयंपाकघरातला एकच दिवा. ओट्यावर हात.)

इथे निवडलेली वेळ संक्रांतीच्या सुमाराची आहे. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते त्या दिवसांत सोलापुरात पहाटे पारा १५-१६ अंशांच्या आसपास उतरतो आणि खिडकीखालचा कडप्पा हाताला गार लागतो. आदल्या रात्री ५०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम साखर, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ३० ग्रॅम बटर आणि दूध व पाणी मिळून साधारण २८० मिलिलिटर, एवढ्याचे पीठ मळून फ्रिजमध्ये ठेवलेले आहे. मीठ बेतानेच घातले आहे, कारण आपल्याकडचे नेहमीचे टेबल बटर मुळातच खारट असते. घरी घुसळलेले लोणी कितीही ताजे असले, तरी या कामाला घेऊ नये. त्यात पाण्याचा अंश जास्त असतो, लाटताना ते पाणी सुटते आणि पीठ चिकट होते.

(दृश्य : बटर पेपरात गुंडाळलेल्या वडीवर लाटण्याचे ठोके. आवाज मोठा ठेवावा.)

या ठोक्यांना कारण आहे. फ्रिजमधून काढलेले बटर तसेच लाटले, तर पिठाच्या आत त्याचे तुकडे होतात आणि थर जागोजागी तुटतात. ठोकल्याने ते गार राहूनही लवचीक होते. २५० ग्रॅमची ही चौकोनी वडी वाकवली तर वाकली पाहिजे, मोडता कामा नये, आणि बोटाला तेलकट लागता कामा नये. पीठ आणि बटर या दोहोंचा कडकपणा सारखा असणे, हेच या सगळ्या खटाटोपाचे गमक आहे.

वडी पिठात चारही बाजूंनी बंद केली जाते, पीठ लांबट लाटले जाते आणि त्याची तिहेरी घडी घातली जाते. घडीची पोळी करणाऱ्या हातांना ही हालचाल परकी वाटत नाही. मात्र पोळी लगेच तव्यावर पडते, आणि या पिठाला प्रत्येक घडीनंतर अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये विश्रांती द्यावी लागते. त्या वेळात बटर पुन्हा घट्ट होते आणि ताणलेले पीठ सैलावते. विश्रांती टाळली, तर लाटताना पीठ मागे आखडते, आणि जोर लावला की कुठेतरी फाटून बटर बाहेर येते. पहिल्या घडीने बटरचे ३ थर होतात, दुसरीने ९ आणि तिसरीने २७. चौथी घडी घालण्याचा मोह आवरावा. थर फार पातळ झाले की बटर पिठातच मुरते, आणि हाती येतो तो मऊ गोडसर पाव.

(दृश्य : त्रिकोण कापणारी सुरी, अगदी जवळून.)

कापलेल्या कडेकडे लक्ष द्यावे. पांढरी आणि पिवळसर रेघ एकाआड एक दिसते आहे. सुरी ओढत नेली तर या रेघा एकमेकींत मिसळून कड बंद होते, म्हणून सुरी वरून दाबून उचलायची. रुंद बाजूकडून टोकाकडे गुंडाळलेले नग २४ ते २६ अंशांत दोन-अडीच तास फुगू द्यायचे. जानेवारीत सकाळी दहा-अकराच्या सुमारास घरात एवढी ऊब आपोआप असते. एप्रिल-मे महिन्यांत हेच नग उघड्या ओट्यावर ठेवले, तर फुगण्याआधीच बटर ताटात झिरपेल.

(दृश्य : ओटीजीची काच. वेगाने दाखवलेली वीस मिनिटे.)

ओटीजी, म्हणजे घरगुती विजेची छोटी भट्टी, २०० अंशांना आधीच तापवलेला आहे. बटरमध्ये सुमारे १६ टक्के पाणी असते. त्या पाण्याची आणि पिठातल्या पाण्याची वाफ होते, आणि बटरने वेगळे राखलेले थर ती एकमेकांपासून उचलून धरते.

(निवेदन नाही. पूर्ण भाजले जाईपर्यंत चित्र तसेच चालू द्यावे.)

(दृश्य : दुसरी सकाळ. झाकणाचा डबा उघडतो.)

रात्रभर हे क्रोसाँ डब्यात राहिले आहेत, फ्रिजमध्ये नाहीत. फ्रिजच्या थंडाव्यात पावातला स्टार्च अधिक वेगाने कडक होतो आणि पाव शिळा लागतो. सकाळी पापुद्रे थोडे मऊ पडलेले असतात, म्हणून सँडविच भरण्याआधी अख्खा क्रोसाँ कोरड्या उष्णतेत गरम करायचा. मायक्रोवेव्हने तो गरम होतो खरा, पण वाफेने पापुद्रे चामट होतात. ओटीजी असेल तर १६० अंशांत पाच-सहा मिनिटे पुरतात. नसेल तर जाड बिडाचा तवा मंद आचेवर ठेवावा, त्यावर जाळी, जाळीवर क्रोसाँ, आणि वर किंचित कललेले झाकण, म्हणजे वाफ कोंडत नाही. तव्यावर वेळ थोडा अधिक लागतो आणि एकदा बाजू पालटावी लागते. सँडविच टोस्टरमध्ये क्रोसाँ दाबू नये, हे आग्रहाने सांगितले पाहिजे. २७ थरांसाठी केलेली सगळी मेहनत त्या एका दाबाने चपटी होते.

(दृश्य : उखळ. मुसळाखाली शेंगदाणे, लसूण, लाल तिखट.)

तवा तापेपर्यंत सासूबाईंची चटणी होत आली आहे. खमंग भाजून साले काढलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरे आणि मीठ हे सारे उखळात कुटताना दाण्यांचे तेल सुटते आणि चटणी मुठीत धरली तर मूठ धरते. मिक्सरचे पाते घाईने फिरवले, तर तिची कोरडी भुकटी होते. “त्याल सुटलं बघ,” असे म्हणून सासूबाई चिमूटभर चटणी सुनेच्या तळहातावर ठेवतात. कडक भाकरीची ही सोबतीण क्रोसाँच्या आत शोभते, याचे कारण चवीत आहे: बटरच्या गोडसर मऊपणाला लसणाचा आणि तिखटाचा झणका लागतोच. उघडलेल्या क्रोसाँला आतून बटरचा पातळ हात आणि त्यावर चटणी लावली, की अंड्याचा ओलावा जाळीत शिरत नाही.

अंडी शेवटी करायची. दोन अंडी फेटून मंद आचेवर, उलथन्याने कडेकडून मध्याकडे सरकवत राहायची, आणि ती चमकदार असतानाच गॅस बंद करायचा, कारण पुढचे शिजणे तव्याच्या उष्णतेवर होते. गरम अंड्यावर चीजची चकती ठेवली की ती आपोआप वितळते. टोमॅटो हवा असेल तर बिया काढून, पुसून घ्यावा. घरात ज्या वारी अंडे चालत नाही, त्या दिवशी पनीरची भुर्जी करावी, पण पाणी पूर्ण आटवून.

(दृश्य : क्रोसाँ मिटतो. दोन हात, पहिला घास.)

एका क्रोसाँमध्ये वीस ग्रॅमहून अधिक बटर जाते, त्यामुळे ही न्याहारी सणासुदीची किंवा रविवारची समजावी. तेला-तुपांतील ट्रान्स फॅटवर, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या अपायकारक चरबीवर, भारतात जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, तरी वेष्टनावरचा मजकूर वाचण्याची सवय ठेवावी.

बारांपैकी जे नग त्या दिवशी खाल्ले जाणार नाहीत, ते भाजून पूर्ण गार झाल्यावर हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावेत. तिथून काढलेला क्रोसाँ ओट्यावर तासभर राहू द्यावा, आणि मग याच रीतीने, कोरड्या मंद उष्णतेत, अख्खाच गरम करावा.