एबीएसचा पिवळा दिवा

नमस्कार श्रोतेहो. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे प्रत्येक नव्या मोटारीत एबीएस सक्तीचं झालं. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक, म्हणजे जाम, होऊ न देणारी यंत्रणा. त्याआधी ते बहुतेक महागड्या मॉडेललाच मिळायचं. त्या गाड्या आता जुन्या झाल्यात, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्यात, आणि त्यातल्या कित्येकींच्या डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा विझायचं नाव घेत नाही.

अशा वेळी गॅरेजमध्ये दोन उत्तरं हमखास कानावर येतात. एक, 'बल्ब काढून टाकू'. दुसरं, 'मॉड्यूल (एबीएस चालवणारा मुख्य भाग) गेलंय, बदला'. पहिलं ऐकूच नका. दिवा काढला म्हणून पावसात चाकं लॉक व्हायची थांबत नाहीत. आणि दुसऱ्याला 'हो' म्हणायची घाई करू नका, कारण बिघाड बहुतेक वेळा चाकापाशीच सापडतो.

नुसता पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक लागतात, जपून गॅरेजपर्यंत जाता येतं. पण सोबत लाल दिवाही असेल, तर हँडब्रेक सुटलाय का आणि ब्रेक ऑइल आहे का, ते बघा. तरीही तो विझला नाही तर गाडी हलवू नका, टोइंग बोलवा. मागच्या-पुढच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. मग जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गरकन फिरते.

आता चाकापाशी येऊ. तिथे चाकाचा वेग मोजणारा एक सेन्सर असतो आणि त्याच्यासमोर दातेरी रिंग फिरते. दोघांमध्ये जेमतेम एक मिलिमीटरची फट. सेन्सरखाली गंज फुगला की तो वर उचलला जातो, फट वाढते, सिग्नल क्षीण होतो. कोकणच्या खाऱ्या हवेत हे फार घडतं. रिंगला चीर गेली तर लक्षण वेगळंच असतं: कोरड्या रस्त्यावर, सिग्नलला गाडी थांबता थांबता पेडल पायाखाली थडथडतं. कधी कधी दिवा लागतही नाही. असं झालं तर आधी रिंग बघायला सांगा.

गाडीला जोडून बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र म्हणजे स्कॅनर. स्वस्तातले स्कॅनर बहुधा फक्त इंजिनाचे कोड वाचतात, म्हणून 'एबीएस वाचतो का?' हे आधीच विचारा. 'पुढचं डावं चाक' असा कोड आला, तरी लगेच सेन्सर विकत घेऊ नका. दोष वायरीचा किंवा प्लगचाही असतो. उंदीर वायर कुरतडतात हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. मोकळ्या रस्त्यावर वीस-तीसच्या वेगाने गाडी चालवा आणि शेजारी बसलेल्याला स्कॅनरवर चारही चाकांचा वेग बघायला सांगा. एखादंच चाक मध्येच शून्यावर येत असेल, तर काम तिथे आहे.

चाकाचं बेअरिंग बदलल्यानंतर दिवा लागला असेल तर ते सुलट बसवलंय ना, हे मेकॅनिकला जरूर विचारा. काही बेअरिंगच्या एकाच बाजूला, दातेरी रिंगऐवजी, चुंबकी पट्टी असते आणि सेन्सर तीच वाचतो. बेअरिंग उलटं बसलं की सेन्सरला काहीच दिसत नाही, मग नवा सेन्सर घालूनही पैसे वाया.

जुना सेन्सर काढताना ओढाताण नको, गंजात अडकलेलं प्लास्टिक तुटतं. गंज सोडवणारा स्प्रे मारून वेळ द्या, सेन्सर बसतो ती जागा घासून स्वच्छ करा. काम झाल्यावर दिवा लगेच विझला नाही तर घाबरू नका. काही गाड्यांत थोडं अंतर चालवल्यावरच तो जातो.